मिलिमीटरची भाषा

कागदाची एक अरुंद पट्टी कापा, पुढच्या दातांत घट्ट धरा आणि बाहेर ओढा. बहुतेकांच्या दातांत ती अडकते, जोर लावला तर फाटते. काही जणांच्या दातांतून मात्र ती सरकन बाहेर येते. मागच्या दाढा पूर्ण मिटल्या तरी त्यांच्या वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये चार-पाच मिलिमीटरची फट उरलेली असते. अशा माणसाला पुढच्या दातांनी घास तोडता येत नाही. मग तो घास हातानेच लहान करतो, तोंडाच्या कडेला सरकवतो, दाढांनी ओढून तोडतो, जिभेने मागे ढकलतो. पक्के दात आले तेव्हापासून तो असंच खात आलेला असतो. त्यामुळे डॉक्टरांनी "खाताना काही त्रास?" असं विचारलं, की तो मनापासून सांगतो, "नाही, तसा काही नाही."

ते "नाही" केस पेपरवर उतरतं. पुढे दातांना तारा बसतात, वर्ष-दीड वर्ष जातं, जबडा सरकवण्याच्या ऑपरेशनची तारीख ठरते आणि विमा कंपनीचं दोन ओळींचं पत्र येतं: सदर शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं आढळत नाही. पत्र हातात घेऊन बसलेल्या माणसाला वाटतं की आपला त्रास कुणाला खोटा वाटला. खरं तर निर्णय देणाऱ्या डॉक्टरने त्याला कधी पाहिलेलंच नसतं. त्याच्यासमोर असतात दहा-पंधरा पानं, काही फोटो आणि एखाद-दुसरा एक्स-रे. त्या पानांत जे आलेलं नाही, ते त्याच्यापुरतं घडलेलंच नाही. म्हणून मंजुरीची तयारी तारीख मिळाल्यावर सुरू करून भागत नाही. ती पहिल्या तपासणीला, त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरापासूनच सुरू झालेली असते, कुणाच्या लक्षात येवो अथवा न येवो.

जबडा मागे-पुढे किंवा वर-खाली सरकवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, जुळवण्याची ही शस्त्रक्रिया काही नवलाईची नाही. चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर मोडतात याचा अभ्यास फ्रेंच सर्जन रने ल फोर यांनी १९०१ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवरून आज वरचा जबडा मोकळा करतात, म्हणून त्या ऑपरेशनला 'ल फोर वन' म्हणतात. खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा चिरून सरकवायची पद्धत ह्यूगो ओब्वेगेसर यांच्या नावाने १९५७ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणजे शास्त्राच्या बाजूने प्रश्न नाही. प्रश्न आहे तो या शस्त्रक्रियेला कोणत्या खात्यात बसवायचं हा. दातांचा विमा म्हणतो, हे हाडाचं काम आहे, आमचं नाही. आरोग्य विमा म्हणतो, दात सरळ करायचे आहेत ना, मग ते दंतोपचारात. आणि चेहरा बदलतो म्हटल्यावर तिसरा शिक्का तयारच असतो: सौंदर्यासाठी. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जबड्याच्या या दोषांचा क्रमांक के०७ आहे, आणि तो पचनसंस्थेच्या प्रकरणात आहे. अमेरिकेने तेच वर्गीकरण स्वतःसाठी बदलून घेतलं, तेव्हा हेच दोष एम२६ या क्रमांकाखाली हाडं-स्नायूंच्या प्रकरणात गेले. वर्गीकरण करणाऱ्यांचंच जिथे एकमत नाही, तिथे क्लेम विभागातल्या माणसाचा गोंधळ उडाला तर नवल नाही. तो गोंधळ दूर करणं हे अर्ज करणाऱ्याच्याच हिताचं आहे.

पहिलं काम पॉलिसी वाचण्याचं. जाहिरातीचं पत्रक किंवा फायद्यांचा एकपानी तक्ता नव्हे, संपूर्ण करार. त्यात वगळलेल्या बाबींचं प्रकरण काढा आणि जबडा, दंत, चाव्यातील दोष, जन्मजात व्यंग, सौंदर्यशस्त्रक्रिया, जबड्याचा सांधा हे शब्द एकेक करून शोधा. जबड्याची सुधारणा-शस्त्रक्रिया नाव घेऊन वगळलेली असेल, तर ती एक लढाई. नावाने वगळलेली नसेल आणि फक्त "वैद्यकीय गरज असल्यास" असं म्हटलं असेल, तर ती पूर्णपणे वेगळी लढाई. या दोन्हींत लोक गल्लत करतात आणि वर्ष घालवतात. करारातच नाही म्हटलेलं असेल तर कितीही उत्तम एक्स-रे पाठवले तरी उत्तर बदलत नाही. तिथे अपघातातून किंवा जन्मजात व्यंगातून आलेल्या दोषांना अपवाद दिलाय का, श्वासाच्या आजारासाठी वेगळं कलम आहे का, पॉलिसी नोकरीतून मिळालेली असेल तर मालकाला ते कलम बदलून घेता येतं का, हे बघावं लागतं. गरजेचा मुद्दा असेल, तर मात्र पुराव्याला किंमत आहे.

दुसरा कागद बहुतेक जण मागतच नाहीत. अनेक कंपन्यांकडे या शस्त्रक्रियेपुरते लिहिलेले अंतर्गत निकष असतात: किती मिलिमीटर, कोणते फोटो, किती जुने एक्स-रे, आधी कोणते उपाय करून बघितलेले असावेत. ते लेखी मागा. फोनवरचं "हो, कव्हर होतं" हे वाक्य कुठेही धरलं जात नाही. ईमेल किंवा पत्राने मागायचं, आणि फोन करावाच लागला तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक एका वहीत टिपून ठेवायचा. ही वही पुढे अपिलाच्या वेळी सोन्यासारखी उपयोगी पडते.

आता मिलिमीटर. "दात जुळत नाहीत" या वाक्याला मंजुरीच्या टेबलावर वजन नाही, आकड्याला आहे. अमेरिकेतल्या तोंड आणि जबड्याच्या सर्जनांच्या संघटनेने निकष ठरवून दिलेत आणि तिथल्या अनेक कंपन्या ते थोड्याफार फरकाने वापरतात. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत, म्हणजे ओव्हरजेट, साधारण २ मिलिमीटर असावा. तो ५ किंवा त्याहून जास्त असेल, अथवा शून्य किंवा उलटा असेल, तर दोष गंभीर धरतात. दाढांचं पुढे-मागे नातं ४ मिलिमीटर किंवा जास्त चुकलेलं असणं, पुढचे दात एकमेकांवर मुळीच न येणं, मागच्या बाजूला २ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असणं, खालचे दात टाळूला टोचण्याइतका खोल चावा असणं, रुंदीत दोन्ही बाजू मिळून ४ किंवा एका बाजूला ३ मिलिमीटर तफावत असणं, चावा तिरका असून चेहऱ्याच्या दोन बाजूंत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असणं, असे ते निकष आहेत. ब्रिटनमध्ये २०१४ साली पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली गेली. तिच्यात चौथी-पाचवी पायरी म्हणजे शस्त्रक्रियेची गरज मोठी. तुमच्या कंपनीचा आकडा वेगळा असू शकतो. पण आकडा असतोच, आणि तो कळल्याशिवाय अर्ज भरणं म्हणजे डोळे मिटून उत्तरपत्रिका लिहिणं.

एक बारकावा इथे थांबून नीट समजून घ्यायला हवा, कारण सर्वाधिक निष्कारण नकार त्यातून येतात.

हाडं चुकीच्या जागी असली की दात आपापल्या परीने ती चूक झाकतात. खालचा जबडा पुढे असेल तर खालचे पटाशीचे दात आत कलतात आणि वरचे बाहेर झुकतात. दोघं एकमेकांना गाठायचा प्रयत्न करतात. खालचा जबडा मागे असेल तर खालचे दात पुढे झुकून अंतर कमी करतात. शरीराने वर्षानुवर्षं केलेली ही तडजोड आहे. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या मोजमापात ओव्हरजेट फक्त ४ मिलिमीटर दिसतो, जबड्यातली खरी तफावत मात्र त्याच्या दुप्पट असू शकते. ऑपरेशनआधीच्या तारांचं काम नेमकं ही तडजोड सोडवण्याचं असतं. दात आपापल्या हाडात सरळ उभे केले जातात, आणि चावा आधीपेक्षा वाईट होतो. रुग्ण घाबरतो, घरचे विचारतात की तारा लावून दात बिघडले कसे. ते बिघडलेले नसतात, लपलेला दोष उघड झालेला असतो. या टप्प्याला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं.

आता कंपनीकडे कोणता एक्स-रे गेला बघा. तारांआधीचा गेला, तर ४ मिलिमीटर. निकषात बसत नाही, नामंजूर. तारांनंतरचा गेला, तर ८ मिलिमीटर. पण सोबत खुलासा नसेल तर समोरचा डॉक्टर विचारू शकतो की हा दोष उपचारानेच तयार झाला की काय. म्हणून दोन्ही पाठवायचे, तारखांसकट, आणि सर्जनच्या पत्रात दोन वाक्यं स्पष्ट लिहून घ्यायची: सुरुवातीच्या नोंदींत हाडांतला दोष दातांच्या झुकावामुळे झाकला गेला होता; आताचं माप हाडांची खरी स्थिती दाखवतं. सोबत दातांच्या झुकावाचे अंश दिले तर शंकेला जागा उरत नाही.

यातून दुसरी, मनाला जास्त टोचणारी अडचण निघते. एकदा ही तडजोड सोडवायला घेतली की मागे फिरणं सोपं नसतं. मुद्दाम वाईट केलेला चावा घेऊन, तारांसकट, नामंजुरीचं पत्र हातात धरून बसलेला माणूस फार एकटा पडतो. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे दंततज्ज्ञ, म्हणतात आमचं काम झालं, सर्जन म्हणतात मंजुरी आणा. म्हणून तारा चढवण्याच्या आधीच सर्जनला भेटणं, त्यांच्याकडून उपचारांचा लेखी आराखडा घेणं आणि तो कंपनीकडे पाठवून पूर्वनिर्णय मागणं हे माझ्या मते अत्यावश्यक आहे. काही कंपन्या इतक्या आधी उत्तर देत नाहीत. तरी पत्राची पोच मिळते, आणि हा निर्णय चेहऱ्याच्या हौसेने आयत्या वेळी घेतलेला नव्हता हे त्या तारखेवरून सिद्ध होतं. उत्तर "करारातच नाही" असं आलं, तर तेही तारा लागण्यापूर्वी कळलेलं बरं.

फोटोंबद्दल लोक निष्काळजी असतात आणि दवाखानेही घाईत असतात. चेहऱ्याचे फोटो समोरून ओठ सैल सोडून, समोरून हसताना, आणि बाजूने. तोंडाच्या आतले पाच: समोरून, उजवीकडून, डावीकडून, वरची कमान, खालची कमान. आतले फोटो गालाला ताण देणारी प्लॅस्टिकची साधनं लावूनच काढायचे, नाहीतर दाढा ओठांच्या सावलीत जातात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दाढा खरोखर मिटलेल्या असल्या पाहिजेत. पुष्कळ जणांना खालचा जबडा सवयीने पुढे सरकवून बसायची ओढ असते, त्यामुळे दोष फोटोत अर्ध्यावर येतो. डॉक्टर हनुवटीला हलका हात लावून जबडा मागे नेतात आणि म्हणतात, "जीभ टाळूला लावा, आता हळू मिटा." त्या स्थितीतला फोटो खरा. ओव्हरजेटचा एक फोटो बाजूने, शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी धरून काढला तर वाचणाऱ्याला पत्रावर विसंबून राहावं लागत नाही. आकडा डोळ्यांनी दिसतो. बाजूच्या एक्स-रेवरही मोजपट्टी उमटलेली हवी. तो एक्स-रे नुसता पाठवू नका. त्यावर रेषा काढून मोजलेले कोन सोबत हवेत. कवटीच्या तळाच्या रेषेशी वरच्या जबड्याचा कोन सर्वसाधारणपणे ८२ अंश, खालच्याचा ८० आणि दोहोंतला फरक २ अंशांच्या आसपास धरतात. तुमचे किती, आणि सरासरीपासून किती दूर, हे लिहिलेलं असावं. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत ही सरासरी बदलते, म्हणून कोणत्या सरासरीशी तुलना केली तेही सर्जनने नमूद करावं. चेहरा एका बाजूला झुकलेला असेल तर समोरून काढलेला एक्स-रे किंवा सीटी लागतोच. बाजूच्या चित्रात तिरकेपणा दिसत नाही.

हाडं मोजून झाली तरी अर्धं काम उरतं. आकडा दोष दाखवतो, पण त्यामुळे माणसाचं नेमकं काय अडतं हे दाखवणारा पुरावा वेगळा. इथे पुन्हा त्या "नाही"कडे यावं लागतं. जन्मभर कडेने खाणाऱ्याला पुढच्या दातांनी खाणं म्हणजे काय हे ठाऊकच नसतं, तर तक्रार कशी सुचणार? म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी एक आठवडा स्वतःकडे लक्ष द्या आणि लिहून काढा. कोणते पदार्थ टाळता? जेवायला इतरांपेक्षा किती वेळ लागतो? न चावता गिळलेल्या घासाने ठसका लागतो का, पोट दुखतं का? गाल किंवा जीभ चावली जाते का, आठवड्यातून किती वेळा? सकाळी तोंड कोरडं पडतं का, ओठ मिटायला हनुवटी आवळावी लागते का? कोणते उच्चार घसरतात? यात वाढवून लिहायचं काही नाही. खोटं लिहिलं तर ते कुठेतरी उघडं पडतंच, आणि खरं इतकं असतं की वाढवायची गरज पडत नाही. हा कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या हाती द्या आणि केस पेपरवर नोंदवायला सांगा.

आणि चेहऱ्याबद्दलही वाटत असेल, तर तेही खरंच आहे. त्याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की "हनुवटी पुढे दिसते म्हणून आले" ही नोंद पहिल्या पानावर एकटी पडली, तर नकाराच्या पत्रात नेमकं तेच वाक्य अवतरणात येतं. दंतवैद्य, ऑर्थोडॉन्टिस्ट, सर्जन, झोपेचे डॉक्टर यांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात का, हेही अर्ज जाण्यापूर्वी बघा. एकाने ओव्हरजेट ७ लिहिलाय आणि दुसऱ्याने ५, तर कंपनी सरासरी काढत नाही. लहान आकडा धरते.

त्रासाला साक्षीदार लागतात. घासले गेलेले दात आणि पुढच्या दातांवरून उतरलेली हिरडी दंतवैद्य फोटोसह नोंदवू शकतात. टाळूवर खालच्या दातांचे व्रण असतील तर त्याचा फोटो हजार शब्दांचं काम करतो. उच्चारांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञाचा अहवाल, त्यात हा दोष नुसत्या सरावाने जाणार नाही हे वाक्य. वजन घटत असेल तर फॅमिली डॉक्टरांकडच्या वजनाच्या तारखा. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याबाबत मात्र जपून. ते असेल तर नोंदवा, पण मुख्य कारण म्हणून पुढे करू नका. सांध्याचे उपचार पुष्कळ पॉलिसींत वेगळ्या कलमाखाली मर्यादित किंवा वगळलेले असतात, आणि ऑपरेशनने दुखणं जाईलच असं कुणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. सगळी केस त्या बाजूला ओढली गेली तर हातातलीही जाते.

झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर वाट निराळी होते, आणि बरेचदा जास्त भक्कम. तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा, म्हणजे एएचआय, ५ च्या खाली असला तर ठीक मानतात. १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र. अशा वेळी दोन्ही जबडे साधारण १० मिलिमीटर पुढे आणून घशातली श्वासाची वाट रुंद करतात. कंपनी इथे पहिला प्रश्न विचारते तो सीपॅपचा, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा: वापरलं का, आणि का जमलं नाही? "जमलं नाही" एवढं लिहून चालत नाही. यंत्राच्या आतच वापराची नोंद होत असते. किमान ७० टक्के रात्रींत, रात्री किमान ४ तास, हा वापर पुरेसा मानण्याचा सर्रास वापरला जाणारा मापदंड आहे. त्या नोंदीचा छापील अहवाल, कोणकोणते मास्क बदलून पाहिले, दाब किती वेळा बदलला, हे झोपेच्या डॉक्टरांच्या पत्रात असावं. यंत्र कपाटात ठेवून दिलेल्या माणसाकडे हा पुरावा नसतो. मग कंपनी आणखी तीन महिने वापरून या असं सांगते, आणि ठरलेली तारीख जाते.

वयाबद्दल थोडक्यात. वाढ संपण्याआधी ऑपरेशन केलं तर जबडा पुन्हा पुढे जाऊ शकतो, म्हणून तरुण रुग्णांत वाढ थांबल्याचा पुरावा मागतात. सहा महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन एक्स-रे एकावर एक ठेवून फरक नाही हे दाखवणं ही सरळ पद्धत. यातला पहिला एक्स-रे वेळेवर काढला गेला नाही की फक्त या एका कागदासाठी सहा महिने थांबावं लागतं.

सर्जनचं पत्र हा सगळ्या फाइलचा कणा. बहुतेक दवाखान्यांत ते साच्यातून निघतं: "रुग्णास चावण्यास त्रास असून शस्त्रक्रिया आवश्यक आहे." असं पत्र कुणाचंही असू शकतं. त्याऐवजी हे वाचा: "पुढच्या दातांत ५ मिलिमीटरची उभी फट, फक्त शेवटच्या दाढा एकमेकींना टेकतात, रुग्ण पुढच्या दातांनी घास तोडू शकत नाही, दाढांची टोकं झिजली आहेत, फोटो क्रमांक ६, १४ महिने तारांनंतरही फट कायम, कारण दोष वरच्या जबड्याच्या मागच्या भागाच्या उंचीत आहे, निव्वळ तारांनी दात ओढून फट मिटवल्यास ती पुन्हा उघडण्याचा धोका आहे." पहिल्या पत्राला नाकारायला एक ओळ पुरते. दुसऱ्याला नाकारायचं तर प्रत्येक वाक्याला उत्तर द्यावं लागतं. सर्जनला असं पत्र लिहायला वेळ नसतो ही खरी अडचण आहे. म्हणून तुम्हीच कंपनीचे निकष डाव्या रकान्यात आणि त्यापुढे आपली मापं व पुराव्याचा पान क्रमांक उजव्या रकान्यात, असा एकपानी तक्ता करून द्या. चांगला सर्जन याने दुखावत नाही. बहुतेकांना त्याने हायसंच वाटतं.

त्याच पत्रात कोणकोणती ऑपरेशनं आहेत ते सुटं सुटं लिहिलेलं असावं. वरचा जबडा अखंड सरकवायचा की दोन-तीन तुकड्यांत रुंद करून, यांचे बिलातले शस्त्रक्रिया-क्रमांक वेगवेगळे असतात. हनुवटी वेगळी सरकवायची असेल तर ती सौंदर्यासाठी म्हणून हमखास अडते. ओठ मिटत नाहीत किंवा श्वासाची वाट अरुंद आहे असं कारण असेल तर ते मापासह द्यावं, आणि तरी ती नाकारली गेली तर तिच्यापायी मुख्य मंजुरी लटकू देऊ नये. प्रत्येक क्रमांकावर वेगळा निर्णय मागा. अक्कलदाढा काढणं, संगणकावरचं नियोजन, दात जुळवणारी प्लॅस्टिकची पट्टी, भूलतज्ज्ञ, मदतनीस सर्जन, हॉस्पिटलमधल्या रात्री, या प्रत्येकाचं बिल वेगळ्या दारातून येऊ शकतं. सर्जन कंपनीच्या यादीत आणि भूलतज्ज्ञ यादीबाहेर, हे ऑपरेशननंतर कळलेलं फार महागात पडतं.

इतकं करूनही नकार आला, तर आधी त्याचं कारण शब्दशः वाचा. "माहिती अपुरी" असेल तर तो नकार म्हणण्यासारखा नाहीच. कोणता कागद हवा ते लेखी विचारा आणि द्या. "गरज सिद्ध नाही" असेल तर कोणता निकष पूर्ण झाला नाही ते मागा, आणि निर्णय देणाऱ्याचं शिक्षण कशातलं आहे हेही विचारा. जबड्याच्या केसवर दुसऱ्याच शाखेच्या डॉक्टरचा शेरा असू शकतो, आणि त्याच शाखेच्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागणं वाजवी आहे. पुष्कळ ठिकाणी अपिलाआधी सर्जनला कंपनीच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलायची सोय असते. तिची मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यामुळे पत्र आलं त्याच दिवशी सर्जनच्या ऑफिसला कळवा आणि तो एकपानी तक्ता त्यांच्या टेबलावर पोहोचवा. फोन आला तेव्हा सर्जनच्या हातात आकडे नसले तर दहा मिनिटांत संधी संपते. त्यानंतर लेखी अपील, आणि कंपनीबाहेरच्या तटस्थ यंत्रणेकडे दाद मागण्याची वाट. मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात ते पत्रातच असतं. ती चुकली तर बरोबर असलेली केसही बंद होते. अपिलात राग ओतू नका. तो रास्त असला तरी. मुद्द्याला मुद्दा, पानाला पान.

या काळात तोंडात तारा असतातच. ऑपरेशनला तयार झालेल्या दातांत जाड चौकोनी स्टीलची तार असते, साधारण ०.०१९ बाय ०.०२५ इंचाची, आणि ती आता दात हलवत नाही, फक्त जागेवर धरून ठेवते. ऑर्थोडॉन्टिस्टला मंजुरी लांबल्याचं लगेच सांगा, म्हणजे ते नवीन काही ओढायला घेणार नाहीत. लांबलेल्या तारांखाली दातांवर पांढरे डाग पडतात, मुळं झिजू शकतात. साफसफाईच्या तपासण्या चुकवू नका. सहा महिन्यांपेक्षा जास्त वेळ गेला तर मापं पुन्हा घ्यावी लागतील हे गृहीत धरा.

मंजुरी आली की पत्र पुन्हा सावकाश वाचा. ती किती दिवस चालते? बहुधा काही महिनेच. पॉलिसीचं नूतनीकरण किंवा नोकरी बदलणं मधे येतंय का? त्यातले क्रमांक सर्जनच्या आराखड्याशी एकेक करून ताडून पाहा. शेवटच्या नियोजनात अखंड जबड्याऐवजी दोन तुकडे करायचं ठरलं, तर सुधारित क्रमांक ऑपरेशनच्या आधी कळवलेला हवा. मंजुरी म्हणजे पैसे मिळण्याची हमी नव्हे, असं त्याच पत्रात तळाशी छापलेलं असतं, आणि ते खरं असतं. शेवटचं बिल ऑपरेशनच्या नोंदीशी जुळवून पाहिलं जातं. म्हणून हॉस्पिटल सोडताना त्या नोंदीची प्रत मागून घ्या. जबडे रबरबँडने बांधलेले असतील, शब्द नीट फुटणार नाही. आदल्या दिवशीच एका चिठ्ठीवर लिहून सोबतच्या माणसाच्या खिशात ठेवा: ऑपरेशन नोट, सही-शिक्क्यासह, दोन प्रती.